सदाफुली : कुंडीत शोभते, पोटात नको



या सदरासाठी माझ्याकडे जे प्रश्न येतात त्यांत गेल्या काही महिन्यांत एक प्रश्न सारखा येत आहे. कोणी फोनवर विचारतात, कोणी मोआदोनमध्ये भेटल्यावर बाजूला घेऊन विचारतात: "सदाफुलीची पाने खाल्ली तर डायबेटिस बरा होतो म्हणतात, ते खरे का?" बहुतेकांना हा संदेश मोबाईलवर आलेला असतो. त्यात सांगतात की रोज सकाळी उपाशीपोटी तीन फुले चावून खा, नाहीतर चार-पाच पानांचा रस घ्या, नाहीतर फुले गरम पाण्यात उकळून प्या. खाली एक ओळ असते: "शास्त्रज्ञांनीही हे मान्य केले आहे."

मी अनेक वर्षे कुपात होलीममध्ये नर्स होते आणि त्या काळात बहुतेक दिवस डायबेटिसच्या रुग्णांबरोबर गेले. म्हणून माझे उत्तर आधीच सांगून टाकते. सदाफुली अंगणात, कुंडीत, बाल्कनीत हवी तेवढी लावा. पोटात मात्र घेऊ नका. असे का, ते आज सविस्तर सांगते, कारण नुसते "नको" म्हटले की आपली माणसे ऐकत नाहीत. मीही ऐकत नाही.

झाडाची ओळख

कोकणात सदाफुली कोणी मुद्दाम लावावी लागत नसे. विहिरीच्या कठड्याशी, पायरीच्या भेगेत, कुंपणाच्या कडेला ती आपोआप उगवे. पाच पाकळ्यांचे गुलाबी किंवा पांढरे फूल, मध्ये गडद ठिपका, आणि बारा महिने फुललेली. म्हणून तर नाव सदाफुली. पण हे झाड मूळ आपल्याकडचे नव्हे. त्याचे माहेर आफ्रिकेजवळचे मादागास्कर बेट. तिथून ते जगातल्या सगळ्या उष्ण प्रदेशांत पसरले.

इथे इस्राएलमध्ये उन्हाळ्यात मिश्तालामध्ये जा, "विंका" म्हणून जे रोप मिळते ते बहुधा हेच. उन्हाला न घाबरणारे, थोड्या पाण्यावर तग धरणारे. शास्त्रीय नाव कॅथरँथस रोझियस. पूर्वी त्याला विंका रोझिया म्हणत आणि तेच जुने नाव बाजारात टिकले. विंका नावाची दुसरीही वेल आहे, निळसर फुलांची, जमिनीवर पसरणारी. ती वेगळी. त्यामुळे नुसत्या नावावरून कोणते रोप आपल्या हातात आहे याचीही खात्री नसते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी. सदाफुलीचे कूळ कण्हेरीचे. इथे रस्त्यांच्या मधोमध आणि गालीलच्या ओढ्यांकाठी जिला हार्दूफ म्हणतात तीच आपली कण्हेर. पिवळी कण्हेर, रुई, तगर, सर्पगंधा ही सगळी त्याच कुळातली. या कुळातल्या बऱ्याच झाडांच्या अंगी कडक द्रव्ये असतात. काहींची औषधे झाली, काहींनी माणसे दगावली, आणि काहींच्या बाबतीत दोन्ही झाले.

जमेकाची पाने आणि कॅनडाचे उंदीर

आता "शास्त्रज्ञांनीही मान्य केले आहे" या ओळीकडे वळू. शास्त्रज्ञांनी सदाफुलीवर काम केले हे खरे. पण त्यांना जे सापडले ते या संदेशात नसते. ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

१९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे डॉक्टर बँटिंग इन्शुलिनच्या शोधाला लागले, तेव्हा त्यांच्या मदतीला दोन तरुण विद्यार्थी होते, बेस्ट आणि क्लार्क नोबल. आधी कामाला कोणी लागायचे हे त्यांनी नाणे उडवून ठरवले. बेस्ट जिंकला आणि त्याचे नाव इतिहासात गेले. क्लार्क नोबल मागे राहिला. पण १९५२ मध्ये त्याच्याकडे जमेका बेटावरच्या एका डॉक्टराकडून एक पाकीट आले. आत सदाफुलीची पंचवीस पाने होती. जमेकात इन्शुलिन न मिळणारे लोक या पानांचा चहा डायबेटिसवर पितात, तेव्हा यात काही तथ्य आहे का ते पाहावे, असे त्या डॉक्टराचे म्हणणे होते.

क्लार्कने ती पाने आपला धाकटा भाऊ रॉबर्ट नोबल याच्याकडे पाठवली. रॉबर्ट कॅनडातल्याच वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात संशोधन करीत होता. त्याने पानांचा अर्क उंदरांना तोंडाने दिला. साखरेवर काही विशेष परिणाम दिसला नाही. मग अर्क इंजेक्शनने दिला. तेव्हा ते उंदीर आठवडाभरात मरू लागले. त्यांच्या अंगात जंतूंचा संसर्ग पसरला होता, कारण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी झाल्या होत्या आणि हाडांच्या आतला मगज, जिथे रक्त तयार होते, तो रिकामा पडत चालला होता.

दुसऱ्या कोणी ते काम तिथेच सोडले असते. रॉबर्ट नोबलने मात्र वेगळा विचार केला. जे द्रव्य पांढऱ्या पेशी मारते ते रक्ताच्या कॅन्सरवर, म्हणजे जिथे पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात तिथे, उपयोगी पडेल का? त्याने आणि चार्ल्स बीअर या रसायनतज्ज्ञाने १९५८ पर्यंत पानांतून ते द्रव्य वेगळे काढले. त्याचे नाव व्हिनब्लास्टिन. त्याच सुमारास अमेरिकेत एली लिली कंपनीतही याच झाडावर काम चालू होते. तिथे व्हिन्क्रिस्टिन हे दुसरे द्रव्य हाती लागले आणि १९६३ मध्ये त्याला औषध म्हणून परवानगी मिळाली.

म्हणजे पाहा, पाने तपासायला घेतली डायबेटिससाठी आणि निघाले कॅन्सरचे औषध. मोबाईलवरचा संदेश ज्या संशोधनाचे नाव सांगतो, त्याच संशोधनात तोंडाने दिलेल्या पानांनी साखर उतरल्याचे दिसले नव्हते आणि रक्त तयार होण्यावर घाला पडल्याचे दिसले होते.

औषध वेगळे, पान वेगळे

व्हिन्क्रिस्टिन हे आजही मोठे औषध आहे. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर आणि लिम्फोमावर ते वापरतात. पूर्वी ल्युकेमिया झालेले मूल क्वचितच वाचे. आज सुधारलेल्या देशांत दहांतली साधारण नऊ मुले वाचतात. हे एकट्या व्हिन्क्रिस्टिनचे काम नव्हे, पण त्या औषधांच्या जोडणीत त्याचे मानाचे स्थान आहे. सदाफुलीला नमस्कार करावा तो यासाठी.

पण ते औषध कसे देतात तेही ऐका. मोठ्या माणसाला एका वेळी सहसा २ मिलीग्रामच्या वर देत नाहीत. तांदळाच्या एका दाण्याच्या वजनाचा दहावा हिस्सा धरा, तेवढे. ते फक्त शिरेतून देतात. शिरेबाहेर गळले तर तिथले मांस जळते. चुकून पाठीच्या कण्यातल्या पाण्यात दिले गेले तर माणूस दगावतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये त्याबद्दल खास इशारा काढला. औषध देण्याआधी रक्त तपासतात, नंतर तपासतात, हातापायांना मुंग्या येतात का, पोट साफ होते का, हे विचारतात.

याउलट पान. एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टिन काढायला शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. यावर कोणी म्हणेल, "मग चार पानांत असे कितीसे असणार? त्याने काय होणार?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की सदाफुलीत एकटे व्हिन्क्रिस्टिन नाही. तिच्यात शंभराहून जास्त अल्कलॉइड द्रव्ये आहेत. काही रक्तदाब उतरवणारी, काही पेशींवर काम करणारी. कुठल्या पानात कोणते किती, हे जमीन, ऋतू, रोपाचे वय आणि जात यांवर ठरते. तुमच्या कुंडीतले आजचे पान आणि पुढच्या महिन्यातले पान सारखे नसते. गोळीवर मिलीग्राम छापलेले असतात, पानावर नसतात. शिवाय एखादी गोष्ट महिनोन् महिने रोज घेणे म्हणजे एकदा चव घेण्यासारखे नव्हे.

डायबेटिसबद्दल पुरावा किती?

सदाफुलीने साखर उतरते असे म्हणायला अगदीच आधार नाही, असे मी म्हणणार नाही. ते खोटे होईल. विशाखापट्टणमच्या आंध्र विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये सशांना पानांचा रस दिला तेव्हा त्यांची साखर काही तास खाली आल्याचे दिसले. उंदरांवरही असे प्रयोग झाले आहेत. पण नोबलच्या उंदरांवर तोंडाने दिलेल्या अर्काचा परिणाम दिसला नव्हता, हेही आपण वर पाहिले. प्राण्यांवरचे निकाल असे दोन्ही बाजूंचे असतात. सशाला उपयोगी पडले ते सत्तर-ऐंशी वर्षांच्या, पाच गोळ्या घेणाऱ्या माणसाला उपयोगी पडेलच असे नाही.

औषध खरे की खोटे हे ठरवायला शेकडो माणसांचे दोन गट करावे लागतात. एकाला औषध, दुसऱ्याला दिसायला तसेच पण निरुपयोगी काहीतरी. मग महिनोन् महिने दोन्ही गटांची साखर, मूत्रपिंड, यकृत, रक्त तपासायचे. मेटफॉर्मिनची अशी परीक्षा झाली आहे, इन्शुलिनची झाली आहे. सदाफुलीच्या पानांची अशी भरवशाची मोठी परीक्षा झालेली नाही. कोणते पान, किती, किती दिवस, कोणत्या गोळीबरोबर चालते, याचे उत्तर डॉक्टरांकडे नाही आणि संदेश पाठवणाऱ्याकडे तर नाहीच.

"पण माझी साखर तर खरेच उतरली!" असे मला दोघा-तिघांनी सांगितले. त्यांच्यावर माझा अविश्वास नाही. पण थोडा विचार करू. माणूस नवा उपाय सुरू करतो तेव्हा गोडही कमी करतो, चालायलाही जातो, गोळ्याही वेळेवर घेतो. श्रेय मात्र पानाला मिळते. शिवाय घरच्या यंत्राचा आकडा थोडा पुढेमागे होतोच. चांगल्या यंत्रातही पंधरा टक्क्यांपर्यंत फरक चालतो. म्हणजे खरी साखर १५० असेल तर यंत्र १३० दाखवील किंवा १७०. एका सकाळच्या आकड्यावरून काही ठरवू नये. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी हिमोग्लोबिन ए-वन-सी ही तपासणी खरी साक्ष देते. "पी हळद आणि हो गोरी" असे डायबेटिसमध्ये चालत नाही.

वय झालेल्यांना धोका जास्त का?

पहिला धोका साखर एकदम उतरण्याचा. तुम्ही इन्शुलिन घेत असाल, किंवा ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड अशा गोळ्या घेत असाल, आणि त्यावर सदाफुलीनेही साखर उतरवली, तर दोघांची बेरीज होते. घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, बोलणे असंबद्ध होते. घरात एकटे असाल तर कोणाला कळणारही नाही.

दुसरा धोका रक्तदाब उतरण्याचा. आपल्यापैकी बहुतेकांना रक्तदाबाची गोळी आहेच. रात्री उठताना चक्कर येऊन पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे ही या वयात लहान गोष्ट नव्हे.

तिसरा धोका रक्ताच्या पेशींचा. हा धोका नुसता कागदावरचा नव्हे. तैवानमधील डॉक्टरांनी २००४ मध्ये अशा एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली आहे, की ज्याच्या हाडांच्या मगजाचे काम सदाफुली पोटात घेतल्यामुळे फार मंदावले होते. पांढऱ्या पेशी उतरल्या की साधा ताप, साधी लघवीची जळजळसुद्धा जिवावर बेतू शकते.

चौथा धोका नसांचा. व्हिन्क्रिस्टिनने हातपाय बधिर होतात आणि बद्धकोष्ठ होते, हे डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे. डायबेटिसने ज्यांचे तळपाय आधीच बधिर झाले आहेत त्यांनी त्याच कुळीचे द्रव्य, न मोजता, रोज का घ्यावे? ज्यांना कॅन्सरची औषधे चालू आहेत त्यांनी तर या झाडापासून चार हात दूरच राहावे. घरात सून किंवा नात गरोदर असेल, अंगावर पाजत असेल, तर तिलाही हा काढा कोणी देऊ नये.

आणि पाचवा धोका मला सगळ्यांत मोठा वाटतो, तो म्हणजे गोळी बंद करण्याचा. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी पाने सुरू केली आणि "आता नैसर्गिक औषध मिळाले" म्हणून मेटफॉर्मिन सोडून दिली. घरी कोणाला सांगितले नाही. दोन महिन्यांनी पायाच्या बोटाची जखम भरेना म्हणून ते डॉक्टरांकडे गेले, तेव्हा साखर चारशेच्या वर निघाली. पानाने त्यांना विषबाधा झाली नाही. पण पानाच्या भरवशावर गेलेले दोन महिने त्यांना महागात पडले. बोट वाचले, पण कितीतरी आठवडे ड्रेसिंग करावे लागले.

"नैसर्गिक आहे, मग अपाय कसला?"

हा प्रश्न आपल्या आजीने कधी विचारला नसता. तिच्या बटव्यात ओवा होता, सुंठ होती, वेखंड होते. कण्हेरीचे पान त्यात नव्हते, कारण कण्हेर विषारी हे तिला ठाऊक होते. कण्हेरही नैसर्गिकच. झाडपाल्यात औषध असते हे आजीला माहीत होते, आणि त्यात विष असते हेही. ज्या झाडातून कॅन्सरच्या पेशी मारणारे औषध निघते, ते झाड आपल्या चांगल्या पेशींना काही करणार नाही असे धरून चालणे म्हणजे विषाची परीक्षा घेणे. उकळले म्हणजे त्यातला दोष निघून जातो, हेही खरे मानू नका.

शिवाय मिश्तालातले रोप शोभेसाठी वाढवलेले असते, खाण्यासाठी नव्हे. त्यावर कोणते कीटकनाशक मारले आहे याचा नेम नाही. नगरपालिकेच्या वाफ्यातल्या फुलांचे तर विचारूच नका.

आधीपासून घेत असाल तर

घाबरू नका आणि लपवू नका. आजपासून पाने, फुले, रस, चहा, पावडर, सगळे थांबवा. गोळ्या आणि इन्शुलिन मात्र डॉक्टरांनी लिहून दिले आहे तसेच चालू ठेवा. पुढचे आठ-दहा दिवस साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा आणि आकडे वहीत लिहा. ती वही घेऊन आपल्या कुटुंबाच्या डॉक्टरांकडे जा. किती दिवस घेतले, किती घेतले, ते स्पष्ट सांगा. रक्ताची मोजणी, म्हणजे इथे जिला स्फिरात दाम म्हणतात ती, आणि यकृत व मूत्रपिंडाच्या तपासण्या करायच्या का, हे विचारा. कुपात होलीमच्या संगणकावर तुमच्या सगळ्या गोळ्या दिसतात, पण बाल्कनीतली कुंडी दिसत नाही. ती तुम्हीच सांगितली पाहिजे. हिब्रूत सांगायला अडचण वाटत असेल तर सदाफुलीचे नाव मुलाकडून किंवा नातवाकडून चिठ्ठीवर लिहून घ्या, नाहीतर मोबाईलमध्ये झाडाचा फोटो न्या.

ताप, तोंडात फोड, अंगावर कारण नसता काळेनिळे डाग, हातापायांत नव्याने मुंग्या, सारखी चक्कर, यांपैकी काही असेल तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा.

साखर ७० च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून किंवा अर्धा ग्लास फळांचा रस द्यावा, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, १०१ फिरवून मागेन दाविद आदोमला बोलवावे. कोणी, विशेषतः लहान मुलाने, या झाडाचा भाग खाल्ला असेल तर हैफाच्या रंबाम हॉस्पिटलमधील विषबाधा माहिती केंद्राला फोन करता येतो. नंबर ०४-७७७१९००. दिवसरात्र माणूस असतो. कपाटाच्या दारावर हा नंबर चिकटवून ठेवा.

मग करायचे काय?

भारतीय वंशाच्या माणसांना डायबेटिस लवकर होतो, आणि अंगाने सडपातळ असला तरी होतो, हे आता सगळ्या जगातले डॉक्टर मानतात. तेव्हा "मी तर जाड नाही" यावर विसंबू नये. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालण्याने साखर कमी चढते, याला चांगला पुरावा आहे आणि खर्च काहीच नाही. ताटात भात अर्धा करून त्या जागी भाजी आणि बिरडे वाढवा. मेथी, कारले भाजी म्हणून जरूर खा, पण त्यांच्या जोरावर गोळी सोडू नका. ए-वन-सी डॉक्टर सांगतील तेव्हा करा, डोळे आणि पाय वर्षातून एकदा दाखवा. एखादी गोळी सोसत नसेल, पोट बिघडत असेल, तर तसे सांगा. आज दुसऱ्या गोळ्या आहेत. गोळी सोसत नाही म्हणून गुपचूप झाडपाल्याकडे वळणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. डॉक्टरांना एक वाक्य सांगितले असते तर त्यांचे काम झाले असते.

सदाफुली मात्र उपटून टाकू नका. तिला हात लावल्याने काही होत नाही. फांद्या छाटल्यावर हात धुवा, चीक डोळ्याला लागू देऊ नका, आणि रांगती नातवंडे येणार असतील तर कुंडी उंचावर ठेवा. एवढे पाळले की झाले.

आणि पुढच्या वेळी असा संदेश आला तर तो दहा जणांना पाठवण्याआधी एका नर्सला किंवा डॉक्टरला दाखवा. मलाही पाठवू शकता. तुमचे प्रश्न येऊ द्यात.